खंडेनवमीला आबा गाडीत

खंडेनवमीच्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांना त्यांच्याच गाडीत कोंडलं. हेतू चांगला होता.

आबांची ती दोन दारांची मोटार आमच्या लग्नाहून जुनी आणि बरीच जास्त लाडकी. मंगळवार पेठेतल्या घराशेजारच्या बोळात, डाव्या भिंतीला चिकटून ती उभी असते. ड्रायव्हरच्या बाजूच्या बिजागऱ्यांतल्या पिना झिजल्या होत्या. दार उघडलं की ते दमलेल्या म्हशीसारखं खाली बसायचं. मग दोन्ही हातांनी वर उचलून दणका देऊन लावायचं, ही घराण्याची रीत. (जावई झाल्यावर मला सासरी पहिलं शिकवलं ते हेच.)

मी स्वभावानं अबोल. पण अबोल माणसाला न विचारता उपकार करायची हौस फार. उद्यमनगरातल्या एका लेथवर नव्या पिना करून घेतल्या आणि नवमीच्या सकाळी आबा आंघोळीला गेलेले बघून ठोकल्यासुद्धा. दार नवरदेवासारखं ताठ झालं. मग हातोडी, पाने, पक्कड, सगळी हत्यारं पुसून गाडीशेजारी पाटावर मांडली. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, चाकांखाली लिंबं ठेवली.

एक गोष्ट राहिली होती. दार वर आलं, पण चौकटीतली लॉकची खाच लोंबत्या दाराच्या मापानं खालीच बसवलेली होती. ती वर सरकवायचं मला सुचलं नाही. आबा हौसेनं आत बसले आणि सवयीनं दार उचलून दणका दिला. लॉकची जीभ खाचेच्या वर जी रुतली, ती रुतलीच.

"पावणं," आबा आतून म्हणाले, "दार उघडंना."

"जरा उचलून बघा."

"उचलूनच लावलंय की."

काच निम्मीच उतरायची आणि आबा निम्मे नव्हेत. डावं दार भिंतीला टेकलेलं. पण बिजागऱ्या बाहेरून होत्या. पिना काढल्या की दार हातात. मी हातोडीकडे वाकलो.

"हात मागं घ्या जावयबापू," सासूबाई म्हणाल्या. "पूजेतलं हत्यार हाय. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की उचला."

"आणि आबा?"

"त्यास्नी ताट देते की खिडकीतनं."

"ताटाचं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "सकाळची लघवीची गोळी घेतलीया मी."

मी शेजारच्या तात्यांकडे धावलो. त्यांची हातोडी पूजेत. लेथवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, आज अख्ख्या कोल्हापुरात तुम्हास्नी एक पाना मिळायचा न्हाय. आमचं लेथ हार घालून बसलंय."

शेवटी मी स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. (तो पूजेत नव्हता. मिक्सर होता.) चार घाव घातले. पीन बाहेर यायची सोडून तिचं डोकं चपटं होऊन बिजागरीवर पसरलं. मग मी दुसऱ्या पिनेचंही तेच केलं.

"पावणं," आबा म्हणाले, "मला काढताय का पॅक करताय?"

एव्हाना बोळात गल्ली जमली होती. तात्यांनी पत्रा कापायचा सल्ला दिला आणि कातरी कुठं आहे ते आठवून गप्प झाले. आबांचा आवाज बारीक झाला. हौसेनं बांधलेला फेटा त्यांनी काढून मांडीवर घेतला होता, तो कशासाठी हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तेवढ्यात माझी बायको सुनंदा पुरणाचे हात पुसत बाहेर आली.

"एवढी दांडगी माणसं उभी हाईसा," ती म्हणाली, "गाडी ढकला की पुढं अंगणात. पलीकडचं दार उघडंल."

आबांनी मुकाट्यानं गिअर काढला, आम्ही मुकाट्यानं ढकललं, लिंबं फुटली. डावं दार उघडलं आणि आबा त्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं घरात गेले.

परत आल्यावर ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. आताही बोलत नाहीत. डावीकडून चढतात, धोतर सावरत गिअरवरून पलीकडे सरकतात आणि माझ्याकडं बघून हसतात. ते जास्त लागतं. उजव्या दाराशी झटून दोन-तीन मिस्त्रींनी हात टेकले. इतकं पक्कं काम माझ्या हातून आयुष्यात दुसरं झालेलं नाही.