तिरप्या टाइपातला सात

"मास्तर, ह्यो आकडा सात हाय का एक?"

हसनचाचांनी छापील कागद माझ्यापुढे ठेवला. मी पाहिलं. एक होता. हवा होता सात.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मी अलिबागच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवणारा. हसनचाचा काशीदचे. आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकण्यात त्यांची उमर गेली. एका वादळात त्यांचं नोकरीचं बुक समुद्रात गेलं. उरलं ते कप्तानाने हाताने लिहिलेलं इंग्रजी शिफारसपत्र. त्यांचा नोंदणी नंबर फक्त त्यातच होता. पुन्हा बोटीवर नोकरी मागायची होती आणि पत्र घड्यांवर विरत चाललं होतं, म्हणून ते छापील प्रती काढायला आमच्याकडे आले.

साधा उभा टाइप पुरेसा होता. पण मालकांनी नुकताच मुंबईहून इटालिक टाइप आणला होता. तिरपा, डौलदार. जाड रेघा भरदार आणि बारीक रेघा केसासारख्या. लग्नपत्रिकेतली नावं, वकिलांची कार्डं त्यात फार देखणी दिसत. मला तो वापरायची हौस. नोकरी देणारा साहेब बघतच राहील, असं चाचांना मीच सांगितलं. नंबरही त्यातच जुळवला.

या टाइपाची अडचण अशी, की मशीनचा दाब कमी पडला तर बारीक रेघ उमटत नाही आणि जास्त झाला तर मोडते. माझ्या प्रूफात सात स्वच्छ होता. छापताना कधीतरी त्याची वरची आडवी रेघ मोडली. खाली उरला तिरका दांडा. पुढच्या प्रती मी तपासल्याच नाहीत.

मुंबईच्या शिपिंग ऑफिसात तो नंबर एका मेलेल्या खलाशाचा निघाला. मेलेल्या माणसाच्या नंबरावर नोकरी मागतोस, म्हणून चाचांना बाहेर काढलं. मूळ पत्राचाही उपयोग झाला नाही. जुळवताना मी ते अनेकदा उलगडलं होतं. ते नेमकं नंबरावर फाटलं होतं आणि तो अंक नाहीसा झाला होता.

चाचा तो कागद घेऊन माझ्याकडे परत आले, तेव्हा मी खिळा मोडण्याआधी छापलेली चांगली प्रत शोधली, मोडका खिळा रुमालात बांधला आणि चाचांबरोबर रेवसहून बोटीने मुंबई गाठली. कारकून सभ्य होता. त्याने सगळं ऐकलं, खिळा पाहिला, चांगल्या प्रतीतला नंबर रजिस्टरात शोधला. तिथे हसन हे नाव होतं. मग त्याने दोन्ही छापील कागद शेजारी-शेजारी ठेवले.

"दोन्ही तुमच्याच छापखान्याचे," तो म्हणाला. "हसन पुष्कळ आहेत. आधी एक नंबर चालला नाही, आता दुसरा आणलात. मी कशावर विश्वास ठेवू?"

त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

परतीच्या बोटीत धक्का जवळ आल्यावर चाचा म्हणाले, "तुमी मुद्दाम न्हाय केलं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कप्तानाला विलायतेच्या पत्त्यावर दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. चाचांना पुन्हा बोटीवर काम मिळालं नाही. शेवटपर्यंत ते गावात दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढत राहिले.

त्यानंतर मी नंबर, तारीख आणि माणसाचं नाव नेहमी साध्या उभ्या टाइपात जुळवलं, आणि छापलेली प्रत्येक प्रत पाहिली. नियम चांगला आहे. चाचांच्या काही कामाचा नव्हता.