उरलेली जागा

सूर्यभानच्या हातात घण आला की शेजारचे आपलं काम थांबवून बघत. बहात्तरच्या दुष्काळात सोनईच्या पुढच्या माळावर रस्त्याचं काम निघालं, तेव्हा त्याच्या चार एकरांत कुसळही उगवलं नव्हतं. चाळीस माणसांच्या टोळीत तो खडी फोडायला बसला आणि आठवड्यातच त्याचा ढीग सगळ्यांच्या आधी भरू लागला. ताकद होतीच, पण नुसत्या ताकदीने दगड फुटत नाही. दगडाला शीर असते. ती सापडली तर चार घाव पुरतात, नाही तर दिवस जातो. ती ओळखायला त्याला टोळीतल्याच चांगुणाने शिकवलं. साठी उलटलेली, काडीसारखी बाई. पण दगडावरून बोट फिरवून सांगायची, इथं मार.

सूर्यभानला गोष्टही सांगता येई. हजेरी घेणारे कारकून शामकांत यांच्याकडे एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यात पाठीवर पांघरूण बांधून आभाळात उडणारा माणूस होता. त्यांनी ते एकदा त्याला वाचून दाखवलं. तेवढ्यावर सूर्यभानने आपला स्वतःचा गडी उभा केला. मुठीने डोंगर फोडणारा, धावती आगगाडी एका हाताने थांबवणारा. पांघरूण मात्र तेच ठेवलं. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली की तो रोज थोडी गोष्ट सांगे. एवढा ताकदीचा असेल तर त्याला आमच्या कामावर धाडा, असं बनुबाईने पहिल्याच दिवशी सुनावलं. सगळे हसले. तोही हसला.

दिवाळीनंतर ओव्हरसियरने त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली. सूर्यभान मुकादम झाला. कोणी कुठं बसायचं ते आता तो ठरवणार होता. लिंबाजवळचा दगड भेगाळलेला, हलक्या घावाने सुटणारा. पार कोपऱ्यात, उन्हात, काळ्या दगडाचे टणक गुंडे पडलेले. त्यांच्यावरून घण उलटा उडे. सलग तीन दिवस ढीग भरला नाही तर हजेरीतून नाव जाई. त्यामुळे लोक त्याला बघून उठू लागले. पाण्याचा पहिला तांब्या त्याला, तंबाखूची पहिली चिमूट त्याला. त्याचा घण लिंबाला टेकला तो टेकलाच. महिनाभरात तळहाताचे घट्टे मऊ पडले.

गोष्टीतला गडीही बदलला. आधी तो चोराला धरून चावडीवर आणून सोडायचा. आता रामराम न घालणाऱ्याचेही दात पाडू लागला. ऐकणारे माना डोलवत. चांगुणा एकटी म्हणाली, "सूर्यभाना, तुझा गडी बिघडला बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला कोपऱ्यातल्या गुंड्यांवर बसवलं.

दुपारपर्यंत ती हात जोडत येईल आणि आपण मोठ्या मनाने तिला सावलीला आणू, असं त्याने धरलं होतं. ती आली नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिचा ढीग अर्ध्यावरही पोचला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने गोष्ट सुरू केली, तर पुढं काय झालं म्हणून कोणी विचारेना. बनुबाई पाठ करून बसली. कोपऱ्यात चांगुणाची हातोडी भाकरीच्या सुट्टीतही वाजत होती. मग ती थांबली.

"सूर्यभाना, तुझा गडी कुनाला भितो रं?"

"कुनालाच न्हाई, मावशी."

"मंग त्याचं चुकलं तर त्याला सांगायचं कुनी?"

हातोडी पुन्हा सुरू झाली.

सूर्यभानने गोष्ट तिथंच टाकली. घण उचलून तो उन्हात गेला. माफी मागणं त्याला जमलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "शीर कुठं हाय?"

चांगुणाने गुंड्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. पहिले दोन घाव वाकडे बसले. महिनाभर बसून खाल्लेले हात होते ते. तिसरा नीट बसला, पाचव्याला गुंडा दुभंगला. मग तो फोडत गेला आणि ती बारीक करत गेली. संध्याकाळी मोजणीला तिचा ढीग पुरा भरला. त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते.

दुसऱ्या सकाळी त्याने शिट्टी वाजवली. "ज्याला जिथं बसायचं तिथं बसा. उरंल ती जागा माझी."

दोन दिवस लिंबाजवळ झुंबड उडाली. तिसऱ्या दिवशी टोळीतले तरणे आपणहून कोपऱ्याकडे सरकले. म्हातारी माणसं सावलीला आली. शेवटचा, सगळ्यांत टणक गुंडा मात्र रोज मुकादमालाच उरला. पाऊस पडून काम बंद होईतो मुकादम तोच होता आणि ती जागाही त्याचीच. त्या दोन दिवसांनंतर जागेवरून तंटा एकदाही झाला नाही.

शिट्टीच्या त्या सकाळनंतर आठवडाभराने भाकरी खाताना बनुबाईने विचारलं, त्या गड्याचं पुढं काय झालं. सूर्यभानने घास गिळला. आता त्याच्या खांद्यावर एक म्हातारी बसलेली असते, म्हणाला. त्याचं चुकलं की ती कान पिळते.

चांगुणा मान वर न करता म्हणाली, "उडताना ऊन लागत आसंल की रं तिला."

"पांघरूण हाय की, मावशी," सूर्यभान म्हणाला. "इतक्या दिसांत आत्ता कुठं कामाला आलं ते."