शनिवारी काळा कुत्रा फिरवणे

आमचा कुत्रा काळा आहे. काळा म्हणजे तव्याची मागची बाजू. अंगानं वासराएवढा, अन् तोंड असं की आत्ताच कोणाला तरी खाऊन आला. खरं सांगू, तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो. पण हे आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या लोकांना कोण सांगणार? आम्ही निघालो की रस्ता खाली होतो. समोरचे किराणावाले अंकल काउंटरमागून रोज विचारतात, "काटता है क्या?" मी त्यांच्यासारखाच घसा खाकरून, त्यांच्याच आवाजात म्हणतो, "हमने कभी पूछा नहीं, अंकल."

हे शुक्रवारपर्यंत. शनिवारी काळा कुत्रा म्हणजे भैरव बाबा; त्याला तेल लावलेली पोळी घातली की शनी शांत होतो. मग हेच लोक आम्हाला शोधत येतात.

एका हप्त्यात कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. तीन दिवस उपास, मग नुसती भाताची पेज. राइट टाउनच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तेल का एक कतरा भी गया, तो फिर मेरे हाथ में कुछ नहीं." रोज एक, अशा पाच सुया होत्या. पाचवी नेमकी शनिवारी आली.

आई म्हणाली, "आज काहून नेतोस रे? उद्या जा."

"उद्या दवाखाना बंद असतो, आई."

चार ऑटोंना हात दाखवला. तीन थांबलेच नाहीत. चौथा थांबला, पाहिलं, म्हणाला, "भैया, सवारी बिठाते हैं, भैंसा नहीं." चलो, पायी.

कोपऱ्यावरच एक काकू स्टीलचा डबा घेऊन उभ्या. मी म्हटलं, "आंटी, बीमार है. तेल मना है."

"बेटा, हमारी भी साढ़ेसाती चल रही है."

मागून अजून चार-पाच जण पोळ्या घेऊन येऊन राहिले होते. हा तर शेपूट हलवून राहिला होता. मग मीच गुरगुरलो. माझं गुरगुरणं कॉलेजात फेमस आहे, सर लोक बाकावर चढले आहेत. काकूंनी कुत्र्याला हात जोडले. "देखो, बाबा बुला रहे हैं!"

मी त्यांना अडवून राहिलो होतो, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं किराणावाले अंकल आले. रोज काउंटरमागून बोलणारा माणूस, त्या दिवशी थेट कुत्र्याच्या तोंडाशी पोळीवाला हात. इतक्या दिवसांचा भुकेला जीव, त्यानं पोळी ओढलीच. मी दोन्ही हात मनगटापर्यंत जबड्यात घातले.

"अरे, भैरव बाबा के मुँह का निवाला छीन रहा है!"

"पाप लगेगा, भैया!"

"कोई पट्टा तो पकड़ो!" मी ओरडलो. सगळे एकदम मागे सरकले. अंकल सगळ्यात आधी. अच्छा, आता पुन्हा चावणारा झाला.

अर्धी पोळी निघाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कितनी अंदर गई?"

"आधी रोटी."

त्यांनी सुई बाजूला ठेवली, सलाइन लावलं, म्हणाले, "शाम तक देखते हैं." माझ्याकडे तेव्हा कोणाचाच आवाज नव्हता. तो टेबलावर पडून माझ्याकडे पाहून राहिला होता. मग मान लांब करून माझा हात चाटायला लागला. हाताला अजून पोळीचं सरसोंचं तेल होतं. मी हात पाठीमागे घेतला.