मी, आमच्या गाडीचा सेन्सर

मी दीड वर्ष आमच्या गाडीचा रिव्हर्स सेन्सर होतो.

हे काम मले कोणी दिलं नाही, मीच अंगावर ओढून घेतलं. झालं असं का बाबांनी वाशिमच्या एका डॉक्टरची जुनी गाडी घेतली. लोक गाडी घेताना इंजिन पाह्यतात, टायर पाह्यतात. बाबांनी खिशातून टेप काढला अन् गाडीची रुंदी मोजली! बाबा शाळेत गणित शिकवतात. ज्या गोष्टीले आकडा नाही, ती गोष्ट त्यांच्या लेखी जगातच नाही. (दहावीच्या निकालानंतर काही दिवस मीही नव्हतो.)

रुंदी मोजायले कारण होतं आमची गल्ली. कारंज्यातली आमची गल्ली अशी आहे का समोरून म्हैस आली तर दोघांपैकी एकाले कोणाच्या तरी घरात शिरावं लागते, अन् म्हैस काही शिरत नाही. त्या गल्लीत आमच्या घरासमोर गाडीपुरती एक खाच. डाव्या बाजूनं वसंताभाऊच्या पिठाच्या गिरणीचा दगडी ओटा, उजव्या बाजूनं शेठजींची नवी पांढरी गाडी, अन् मागं आमच्याच घराची भिंत. शेठजी म्हणजे कापडाचे दुकानदार, गल्लीतला सगळ्यात सज्जन माणूस. फक्त त्यांच्या गाडीजवळ कोणी शिंकलं का फडकं घेऊन बाहेर येत.

बाबांनी खाच मोजली. "ओट्याकडून चार इंच उरतात, शेठजींकडून सव्वा फूट. बसते!"

"अन् उतराचं कसं?" आईनं विचारलं.

"सव्वा फुटातून मी आरामात निंगतो."

"अन् मी?"

"तू आधीच उतरत जाय."

(त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं. बाबांनी विचारलंही नाही किती कमी आहे.)

आता खरी गंमत गाडी लावतानाची. गाडी रिव्हर्स येऊन राह्यली म्हटलं का गल्लीतला हरेक माणूस हातातलं काम टाकून मागं उभा! चंदाकाकू समोरच्या घरातून, "येऊ द्या भाऊ, येऊ द्या, येऊ द्या... अगं बाई गंऽऽ! ...काही नाही, मांजर होतं. येऊ द्या!" वसंताभाऊच्या तोंडात सदान्‌कदा सुपारी-तंबाखूचा खर्रा, त्यामुळं तो "एऊ या, एऊ या" म्हणे. 'बस' म्हणायले त्याले आधी थुकावं लागे, अन् तो थुकून येईपर्यंत गाडी भिंतीले लागलेली असे. शेठजी आपल्या गाडीवर हात ठेवून, "आने दो गुरुजी, आने दो, आराम से... फक्त आमच्या बाजूले नका येऊ!"

बाबा कचकन ब्रेक मारत अन् खिडकीतून डोकं काढत. "येऊ द्या म्हणजे किती? फुटात सांगा!"

फुटात कोणी सांगत नसे. मंग मी पुढं झालो. माह्याकडं एक कला आहे, मी आवाज काढतो. बस स्टँडवरच्या अनाउन्समेंटवाल्याचा काढतो, आमच्या प्रिन्सिपलचा काढतो, कुकरच्या शिटीचा तर असा काढतो का आईनं दोनदा कच्च्या वरणाचा गॅस बंद केला आहे.

"बाबा, मी सेन्सर होतो ना! लांब असाल तर टूं... टूं... जवळ आले का टूंटूंटूं, अन् भिडायले आले का टूंऽऽऽऽ!"

दुसरा बाप असता तर टपली मारली असती. माह्या बापानं वही काढली. तीन फुटांवर सेकंदाले एक टूं, एक फुटावर सेकंदाले तीन, अर्ध्या फुटाच्या आत सलग टूंऽऽ. खाली सही केली. मंग दोन दिवस मले भिंतीपुढं उभं करून टेपनं परीक्षा घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांच्या परीक्षेत पास झालो!

अन् खरं सांगतो, जमलं. गाडी लोण्यासारखी आत जाऊ लागली. पावण्यारावण्यांसमोर बाबा सांगत, "आमच्या गाडीले सेन्सर आहे." पावणे वाकून बंपर पाह्यत. मी मागं उभा राहून लाजत असे.

म्या संधी साधली. "बाबा, लर्निंग लायसन काढून ठेवलं आहे. स्टेअरिंग कधी देता?"

बाबांनी विचार केला. "दसऱ्यापर्यंत गाडीले एकही ओरखडा नाही आला, तर दसऱ्याची पूजा करून गाडी आत लावली का चावी तुह्या हातात. केनवडले मामाकडं सोनं द्यायले तूच न्यायची. मी बाजूले बसतो."

झालं! म्या सगळ्या दोस्तांले सांगून ठेवलं का दसऱ्याच्या दुपारी चौकात उभे राहा, मी काच खाली करून हात दाखवतो. आरशापुढं एका हातानं स्टेअरिंग फिरवायची प्रॅक्टिससुद्धा झाली.

दसरा उजाडला. गाडी धुतली, गल्लीच्या तोंडाशी नेली. झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं यथासांग झालं. दीड वर्षात एक ओरखडा नव्हता. आईनं ताट खाली ठेवलं अन् म्हणली, "आता लावा आत अन् द्या त्याले चावी एकदाची. टूंटूं ऐकून कान किटले माहे."

गाडी आत लावायची तेवढी राह्यली होती. पन्नास पावलं!

पण खाचेत पाह्यतो तर भिंतीले लागून डबेच डबे. आमच्या इकडं गिरणीवर माणूस थांबत नाही, डबा थांबतो. डबा ठेवला का नंबर लागला. रोज ही रांग ओट्यावर असते. त्या दिवशी वसंताभाऊनं ओटा धुऊन रांगोळी टाकली, गिरणीच्या पूजेची तयारी केली अन् रांग खाली आमच्या खाचेत उतरली.

"काकू, डबे सरकवू का थोडे?" म्या विचारलं.

"हात लावशीन तर पाह्य!" चंदाकाकू कडाडली. "डबा हालला का नंबर गेला! पहाटे उठून लावला मी. दुसरा नंबर आहे माहा."

पहिला कोणाचा, ते सांगायची गरज नव्हती. आमच्या आईचा.

बाबांनी टेप लावला. "मागून सव्वा फूट कमी झालं. बसते. सेन्सर, जागेवर!"

आता खरं म्हणजे गुमान टूं टूं करायचं होतं. पण समोर सणाचे कपडे घातलेली अख्खी गल्ली! माह्यातला कलाकार जागा झाला. म्या बाईचा गोड आवाज काढला, "कृपया सावधान. मागे भिंत आहे. टूं... टूं..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्या लगेच दुसरा नग काढला. हात कमरेवर ठेवून थेट चंदाकाकूच्या आवाजात, "येऊ द्या भाऊ... अगं बाई गंऽऽ! टूं..."

लोक हसून लोळले. काकू नाही हसली.

"काय बे निख्या, तुलेच येते का आवाज काढता?" तिनं पदर खोचला, माह्या बाजूले येऊन उभी राह्यली अन् मान पुढं काढून केलं, "टूं!"

हुबेहूब मी! लोकांचं हसणं दुप्पट झालं. वसंताभाऊले राहवलं नाही, त्यानं खर्ऱ्यातूनच "ऊंऽ... ऊंऽ..." सुरू केलं. मंग पोट्टे, मंग पोट्ट्यांच्या माया. सारी गल्ली टूं टूं करून राह्यली! दीड वर्ष म्या सगळ्यांची नक्कल केली, गल्लीनं एका मिनिटात हिशोब चुकता केला.

बाबांनी कचकन ब्रेक मारला. डोकं बाहेर. "खरा सेन्सर कोणता?"

"मी बाबा, मी! हा मी!"

"काल माह्या आवाजात तुह्या आईले 'दोन कप चहा टाक' कोण म्हणलं होतं?"

"...मी."

"मंग हा तूच कायवरून?"

बाबांचं तर्कशास्त्र पक्कं होतं, माहं तोंडच बदनाम होतं.

इकडं शेठजींचा धीर सुटला. "गुरुजी, थांबा जरा. मी माझी गाडी बाहेरच घेतो." गाडीच्या काळजीनं माणसं कुठल्या कुठी जातात! शेठजी घाईनं आत बसले, दार लावलं, गाडी चालू केली. त्यांची गाडी भिंतीकडं तोंड करून उभी असते, त्यामुळं बाहेर काढायची म्हणजे रिव्हर्स. त्यांनी रिव्हर्स टाकला अन् त्यांच्या गाडीतला खराखुरा, कंपनीचा सेन्सर वाजू लागला.

टूं... टूं... टूं...

न अडखळता. न हसता. सेकंदाले एक.

आरशात बाबांचा चेहरा उजळलेला म्या माह्या डोळ्यांनी पाह्यला. "हां! हा आमचा! पाहा कसा शिस्तीत वाजून राह्यला!"

दीड वर्षात बाबांनी माह्या कामाचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. अन् केलं तेव्हा ते काम शेठजींची गाडी करून राह्यली होती!

बाबा निर्धास्त मागं येऊ लागले. तीन फूट. दोन. एक. म्या जीव तोडून, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडलो, "टूंऽऽऽऽऽऽ!"

ते ऐकलं शेठजींनी. त्यांले वाटलं आपलाच सेन्सर बोंबलून राह्यला. "अरे बाप रे!" करून त्यांनी अर्ध्यातच ब्रेक दाबला. गाडी तिरपी, रिव्हर्स पडलेलाच, सेन्सर चालूच. टूं... टूं... टूं... म्हणजे भिडेल म्हणून थांबायचं होतं बाबांनी, थांबले शेठजी. अन् शेठजींची वाट मोकळी आहे म्हणून येऊन राह्यले बाबा!

धडाम!

पहिला डबा आईचा. त्यानं दुसऱ्याले ढकललं, दुसऱ्यानं तिसऱ्याले, अन् बाराही डबे शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांच्या अंगावर पडले. झाकणं उडाली. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, सगळं एकात एक. बाबा दचकले अन् स्टेअरिंग डावीकडं ओढलं. डावीकडं ओटा. ओटा सज्जन, तो जागचा हालला नाही. खर्रर्रर्र!

तो आवाज मले आजपर्यंत काढता आला नाही. काढायची इच्छाबी नाही.

आमची गाडी ओट्याले चिकटलेली, मागच्या चाकाखाली आईचा डबा. उजव्या बाजूनं शेठजींची गाडी इतकी जवळ का मधी फक्त झेंडूचा हार मावत होता. (त्या हारानंच शेठजींचा रंग वाचवला.) दोघांच्याही ड्रायव्हरच्या खिडक्या समोरासमोर, दोघांचंही दार उघडत नाही, अन् ओरखड्याच्या भीतीनं कोणी गाडी हालवत नाही. दोघांनी काचा खाली केल्या. शेठजींनी खिशातून आपट्याची पानं काढली अन् हात लांब केला.

"सोनं घ्या गुरुजी. मनाला लावून घेऊ नका."

"घ्या, घ्या," बाबांनी पानं घेतली. "तुमचा सेन्सर चांगला आहे शेठजी."

"तुमचाही. अगदी असली वाटतो!"

बाहेर मात्र रणधुमाळी. डबे उचलल्याशिवाय गाडी निंगत नाही, अन् नंबर ठरल्याशिवाय कोणी डबे उचलू देत नाही. "माहा दुसरा होता!" "तुहा कायचा दुसरा? तुहा लाल झाकणाचा पाचवा होता!" आई भिंतीशी उभी, "माहा पहिला नंबर! पहाटे पाचले लावला होता मी! अन् मोडला कोणी तर घरच्याच माणसानं!" शेवटी माह्या बाबांनी गाडीत बसल्या बसल्या, खिडकीतून वही बाहेर काढून बाराही नंबर परत लावून दिले. नंबर लागले म्हणून डबे उचलले अन् गाडी निंगाली, नाहीतर बाबा अन् शेठजी दिवाळीपर्यंत तिथंच बसून फराळ घेत बसले असते. धान्य कोणाले वेगळं करता आलं नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सगळ्या घरी एकाच चवीची पोळी झाली. चंदाकाकूच्या म्हणण्यानुसार त्यात झेंडूची पाकळीबी निंगाली.

बाबा उतरले. कोणाकडं न पाहता टेप काढला अन् डाव्या दारावर लावला. "सव्वा नऊ इंच."

त्यांनी माह्याकडं पाह्यलं. ते तोंड उघडायच्या आत मीच त्यांच्या आवाजात म्हणलो, "निख्या, चावी विसर."

घरातून आईचा आवाज आला, "बरोबर बोलले तुमी!"

दुपारी केनवडले गेलो. स्टेअरिंगवर बाबा, बाजूले आई, अन् मागं मी, मांडीवर आईचा चेपलेला डबा. चौकात माहे दोस्त दिल्या शब्दाले जागून उभे होते. म्या मान खाली घातली. गाडी जवळून गेली तेव्हा त्यातला एक जण हळूच म्हणला, "टूं."

पुढच्या आठवड्यात बाबांनी खराखुरा सेन्सर बसवायले गाडी मेकॅनिककडं नेली. मेकॅनिकनं मागं वाकून पाह्यलं अन् विचारलं, "गुरुजी, जुना सेन्सर कुठी आहे? तो आधी काढावा लागेल ना."

बाबांनी माह्याकडं बोट दाखवलं. "तो निंगत नाही. वायर कापून आवाज बंद होते का, तेवढं पाहा."