बाण आला!

दापोडीत आमच्या गल्लीच्या तोंडाला मोबाईलचं दुकान हाय. तिथल्या माणसाचं नाव मला अजून ठाऊक न्हाई. समद्या बायांना त्यो ताई म्हणतो, आन बिघडलेला फोन हातात घेतला की फोनलाच विचारतो, "काय झालं रं बाळा?" मला लई हसू येतं.

माझे मालक कंटेनरच्या जहाजावर कामाला हायती. भर समुद्रात त्यांचा फोन लागत न्हाई, म्हणून ह्या दुकानवाल्यानंच मला मोबाईलवर नकाशा लावून दिला. निळ्या पाण्यात हिरवा बाण, त्यो बाण म्हंजी आपलं जहाज. एक दिवस बघते तर बाणच गायब! पोरीला काखोटीला मारलं आन रडत दुकानात. "भाऊ, बुडालं वो जहाज!"

"बुडालं न्हाई, ताई. किनारा लांब गेला की ह्यो फुकटचा नकाशा आंधळा हुतो. तुमी पोरीला जेवू घाला, बाणाकडं मी बघतो."

तवापासनं गिऱ्हाईक सोडून त्यो आपल्या मोबाईलवर नकाशाच बघत बसायचा. काल दुपारी मी भाकरी थापत व्हते, तर ह्यो एका पायात चप्पल, एका हातात नकाशा, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचा उघडा फोन, गल्लीभर बोंबलत आला, "ताई, बाण आला! दाजी रेंजमधी आले!" शेजारणी बाहेर पळाल्या, पोरगी टाळ्या पिटाय लागली, मी पिठाच्या हातानंच नाचले. आन खरंच की, फोन वाजला!

मालक म्हणले, "एवढं कोण वरडतंय तिकडं?"

मी म्हणलं, "तुमचा मेव्हणा."