मिस्ड कॉल उचलायचा नसतो

मी इन्फॉर्मेशन सिस्टिम्समध्ये पदवी घेतोय हे गावात कळलं, आणि त्या दिवसापासून आमच्या पंचक्रोशीतला एकही मिक्सर मला विचारल्याशिवाय बिघडला नाही. बोअरच्या स्टार्टरपासून चुलत्याच्या कानातल्या मशीनपर्यंत सगळं माझ्यापुढं येऊन पडायला लागलं. एकदा तर मामानं गोठ्यात नेऊन म्हैस दाखवली. दूध आटलं होतं. "तुझ्या कॉम्प्युटरात बघ की जरा काय झालंय तिला," म्हणाला. मी म्हशीकडं बघितलं, म्हशीनं माझ्याकडं बघितलं, आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी म्हैस भरभरून दूध द्यायला लागली. गावाचा या विषयावर जेवढा विश्वास होता, तेवढा पहिल्या वर्षी माझाही नव्हता.

माझा विश्वास बसला तो आमच्या मॅडममुळं. त्या सिस्टिम अॅनालिसिस शिकवायच्या. आमच्या लॅबवर पत्रे होते आणि मे महिन्यात तिथं कीबोर्डवरची अक्षरं वितळून एकमेकांत मिसळायची, पण मॅडम तिथं आम्हाला बसू देतील तर ना! त्या आम्हाला बाहेर हाकलायच्या. औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानासमोर उभं करायच्या. "तो शेट गिऱ्हाइकाशी बोलता बोलता नोकराला कसं सांगतो की भारीतला गठ्ठा काढ? बघ. शब्द नाही, चिठ्ठी नाही, नुसती मान. ती मान आधी समजून घे, मग मला तुझा कोड दाखव." आम्ही म्हणायचो, मॅडम, बाकीच्या कॉलेजातली पोरं अॅप बनवतात. त्या म्हणायच्या, "बनवू देत. ऐकून कुणी जागचं उठलं तर ती माहिती. कुणीच उठलं नाही तर नुसता आवाज."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहूनही घेतलं नव्हतं. त्याचा अर्थ कळला तो शेवटच्या वर्षी, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला, आणि तो माझ्या प्रोजेक्ट पार्टनरनं कळवला.

ती फर्दापूरची. अजिंठ्याची लेणी बघून भुकेजून आलेल्या पर्यटकांसाठी तिच्या वडलांची, अण्णांची, खानावळ होती. ही पोरगी शाळेत असताना बसभर माणसांच्या ऑर्डरी कागद न घेता लक्षात ठेवायची. कुणाला तिखट नको, कुणाला भाकरी कडक, कुणाचं पोट बिघडलेलं, सगळं. मी तर ऐकलंय की एका परदेशी बाईला काय खायचंय हे तिनं बस गेटातून आत यायच्या आधीच सांगितलं होतं. कुणाकडून ऐकलं ते विचारू नका.

तर या पोरीला शहराबाहेरच्या एका कंपनीनं निवडलं होतं. अट एकच, अंतिम वर्ष याच खेपेला सुटलं पाहिजे. आमचं प्रोजेक्ट अडकलं की नोकरी गेली. आणि वडील रागानं नाही, उलट मायेनंच म्हणाले होते, "झालं तर कर नोकरी. नाय झालं तर गल्ला तुझाच हाय, पोरी." ती मला म्हणायची, "गल्ल्यावर बसायची लाज नाय रे मला. पण तिथं माझ्यापेक्षा कॅल्क्युलेटर बरा बसंल. मला सिस्टिम करायच्यात."

प्रोजेक्टचा विषय मी निवडला. मी उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत खोली घेऊन राहत होतो, आणि आमच्या शहरात पाणी कधी येणार याच्याइतका मोठा विषय ब्रह्मदेवाकडंही नसेल. नळाला पाणी रोज येत नाही. जेव्हा येतं तेव्हा थोडा वेळ येतं, आणि तेवढ्यात मोटर लावून टाकी भरली नाही तर पुढच्या पाण्यापर्यंत माणूस बिसलेरीनं तोंड धुतो. आम्ही पाणीपुरवठ्याचं छापील वेळापत्रक आणलं, सिस्टिममध्ये भरलं, आणि मोठ्या थाटात गल्लीला सांगितलं की आता वाट बघू नका, कॉम्प्युटर सांगेल. कॉम्प्युटरनं मंगळवार सकाळ सांगितली. पाणी गुरुवारी दुपारी आलं. गल्लीनं आठवडाभर मला नजरेनंच असं मातीत लोळवलं की मी अंगावरची धूळ झटकत फिरायचो.

मॅडम हसल्या. "गल्लीत आधीपासून एक सिस्टिम चालू आहे. तुम्ही तिच्यावर जाऊन बसलात. आधी ती शोधा."

मग आम्ही ओट्यांवर जाऊन बसलो. आणि काय सांगू! गल्लीच्या उताराकडच्या टोकाला एक काकू राहायच्या. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते, त्याचा सुस्कारा त्यांना पहिल्यांदा ऐकू यायचा. त्यांचे कान असे, की जायकवाडी धरणाचा दरवाजा हलला तर इकडं त्यांचा चहा उतू जायचा. सुस्कारा ऐकला की काकू समोरच्या खालांना, म्हणजे गल्लीच्या मावशींना, मिस्ड कॉल द्यायच्या, दोनदा वाजला की कट. खाला पुढच्या घराला, पुढचं घर वरच्या मजल्याला. अशी ती रिंग गल्ली चढत जायची आणि तिच्या मागं मोटरी गुरगुरत जायच्या. हल्ली फोन करायला पैसे पडत नाहीत, तरी कुणी बोलायचं नाही. हातात पाइप असतो, बोलायला वेळ कुणाला?

"और किसी ने उठा लिया तो?" पार्टनरनं खालांना विचारलं.

खालांनी कपाळाला हात लावला. "नक्को पूछ बेटा. पाचव्या घरात नवी सून आली ना, तिने उठा लिया. हॅलो, नमस्कार, तब्येत कशी. ती नमस्कार करत राहिली, आणि वरची सगळी घरं कोरडी!"

"अजून कुणी बोलत नाय तिच्या सासूशी," काकू म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की ओटा हलला.

त्या ओट्यावरच आमची सिस्टिम जन्मली. पार्टनर म्हणाली, यांची रीत मोडायची नाही, फक्त तिची साखळी तुटू द्यायची नाही. ज्या घराला पाणी कळेल त्यानं आमच्या एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. लॅबमधल्या कॉम्प्युटरला जोडलेला एक जुना मोबाइल मग सगळ्या गल्लीला एकेक करून मिस्ड कॉल देईल. पहिल्याच चाचणीत एका घरी टँकर आला, शेजारच्या काकांनी त्याच्या पाइपाचा आवाज ऐकून रिंग दिली, आणि अख्ख्या गल्लीच्या मोटरी कोरड्या फिरल्या. तेव्हा पार्टनरनं नियम बसवला. दोन घरांनी रिंग दिल्याशिवाय सिस्टिम हलणार नाही, आणि ती दोन घरं भिंतीला भिंत लागलेली नकोत. हा नियम कोणत्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. मी त्याची आकृती काढली. माझी आकृती एवढी मोठी झाली की कॉरिडॉर संपला तरी ती संपेना.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक आले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा नाकाच्या टोकावर, फोन टेबलावर पालथा. आमच्या आधी आत गेलेली पोरं बाहेर आली ती सरळ दवाखान्याच्या दिशेनं चालू लागली. मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना बोलायची परवानगी नव्हती. परीक्षा लॅबमध्येच होती, आणि आमचा जुना मोबाइल तिथं नेहमीसारखा चालूच ठेवलेला.

"थोडक्यात," परीक्षक म्हणाले, "तुम्ही तीन वर्षं शिकून मिस्ड कॉल देता."

"हो सर," पार्टनर म्हणाली.

"मेसेज का नाही? अॅप का नाही? यात नवीन काय आहे?"

मी घसा खाकरला. मी काहीतरी भव्य बोलणार होतो, देवाशपथ. तेवढ्यात आमचा जुना मोबाइल चमकला. एक घर. मग दुसरं. भिंती वेगवेगळ्या. सिस्टिम जागी झाली आणि एकेक नंबर लावत सुटली. आम्ही दोघं एकमेकांकडं बघतोय तोच टेबलावरचा पालथा फोन वाजला. परीक्षकांचा.

त्यांच्या बाईसाहेबांनी मागच्याच आठवड्यात आमच्याकडं नाव नोंदवताना एक स्वतःचा नंबर दिला होता आणि एक "यांचा". हे आमच्याच गल्लीत वरच्या टोकाला राहतात हे आम्हाला काय माहीत! आम्ही ओट्यांवर बसायचो तेव्हा हे कुठंतरी परीक्षा घेत असायचे.

एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. कट होणार, तेवढ्यात साहेबांनी फोन उचलून कानाला लावला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

जुना मोबाइल गप्प. समोरून फोन उचलला गेला की कॉल चालू राहतो हे आम्ही गृहीतच धरलं नव्हतं. कारण आमच्या गल्लीत उचलतंच कोण? सिस्टिम तिथंच अडकली, पुढचा नंबर लागेना.

"हॅलो? बोला की! हॅलो?"

आणि जिची नोकरी त्या माणसाच्या पेनाच्या टोकावर होती, ती पोरगी उठून उभी राहिली आणि ओरडली, "सर, ठेवा! उचलायचा नसतो! मागं सगळी घरं थांबलीत!"

पंखासुद्धा थबकला. परीक्षकांनी फोन कानापासून दूर धरला. तिनं टेबलावर वाकून त्यांच्याच हातातल्या फोनचं लाल बटण दाबलं. जुना मोबाइल पुन्हा चालू झाला, पुढचं घर, त्याच्या पुढचं.

मी डोळे मिटले. मला फर्दापूरचा गल्ला दिसायला लागला.

"पण चूक तुमची नाय सर," ती म्हणाली, आता हळू आवाजात, तिची गावची बोली परत आलेली. "आमची हाय. कुणी उचलला तर तो आपोआप कट व्हायला पायजे. नव्या सुनेचं आम्हाला सांगितलं होतं, तरी आम्ही तिला सिस्टिमात घेतलंच नाय. मी लिहिते, एक मिनिट." आणि परीक्षकांकडं पाठ करून ती कीबोर्डपुढं बसली. खरंच बसली! परवानगी नाही, माफी नाही. मी तिच्याकडं बघत होतो आणि मला वाटलं, आपण हे असं काही आयुष्यात करू शकणार नाही, पण आपण हे बघितलंय, हे काय कमी आहे.

तेवढ्यात साहेबांचा फोन परत वाजला. या वेळी वाजतच राहिला, तेव्हा त्यांनी तो उचलला. बाईसाहेब. आवाज एवढा की लॅबभर ऐकू आला. "अहो, पाणी आलंय! मोटर लावली. तुम्हाला रिंग आली का नाही?"

"आली," साहेब म्हणाले.

"उचलली नाही ना?"

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम छताकडं बघत होत्या.

"नाही," साहेब म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला, चष्मा वर सरकवला आणि पार्टनरच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. ती लिहीत होती. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "शेवटच्या घरापर्यंत गेली का रिंग?"

"जातेय सर," ती मान न वळवता म्हणाली. आणि मग, "गेली."

"झालं. पुढचा गट पाठवा," ते म्हणाले. एवढंच.

आमचं प्रोजेक्ट सुटलं. मार्क किती पडले ते मी सांगत नाही, कारण मी सांगितलेले कुणी खरे मानणार नाही. पार्टनर त्या कंपनीत रुजू झाली, अजून तिथंच आहे. मॅडम नव्या पोरांना औरंगपुऱ्यात उभं करतातच, आणि त्या गल्लीत नवी सून आली की काकू तिला आधी मिस्ड कॉलचं शिकवतात, मग चहाचं.

मध्ये मी तिला कंपनीत भेटायला गेलो होतो. दुपारी आम्ही कँटीनमध्ये बसलो होतो आणि तिचा फोन वाजला. दोनदा, आणि कट. तिनं बघितलंसुद्धा नाही.

"कोण?" मी विचारलं.

"अण्णा. फर्दापूरहून. दुपारची गर्दी ओसरली आणि ते जेवायला बसले, की देतात." ती डबा उघडत म्हणाली. "मी पण बसते मग."