अक्कांना लिव्हर देणारे हे, आणि लपवलेली गोळी

मैत्रिणींनो, घाईतच लिहितेय.

माझे मिस्टर रिटायर्ड फौजी. त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, ते लिव्हरचा तुकडा देणार आहेत. आज पुण्यात तपासणी होती.

डॉक्टर म्हणाले, "काढलेलं लिव्हर परत वाढतं. लिव्हरच्या पेशी वाढण्यात मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाला पकडणाऱ्या रिसेप्टरचाही हात असतो, असं उंदरांत दिसलंय. माणसाचं पक्कं सांगता येत नाही. म्हणून मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तरी सांगा."

समोर अक्का बसलेल्या. हे हसले. "फौजी माणूस हाय मी. असल्या गोळ्या कशाला लागत्यात?"

डिप्रेशनची गोळी हे कधीपासून घेतात. ती सेरोटोनिनवरच चालते. घरात फक्त मला माहीत, आणि मी गप्प बसले.

येताना खंडाळ्याला दोघंच चहा घेताना मी म्हटलं, "आवं, डॉक्टरांना सांगूया."

"आता काय सांगायचं? गोळीनं लिव्हर बिघडतं म्हणत्यात, म्हणून परवाच बंद केली. अक्काला चांगलं लिव्हर मिळाया पायजे."

गोळी नव्हती तेव्हा हे रोज एकटेच विहिरीवर जाऊन बसायचे आणि मी लांबून नजर ठेवायची.

सकाळी मी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. पण त्यामुळं ऑपरेशन थांबलं आणि का थांबलं असं अक्कांनी विचारलं, तर काय सांगू?

घरी आल्या आल्या हे विहिरीकडं निघाले. मी पण मागोमाग आले. इथूनच लिहितेय.